ताफ्याचं डांबर

आमच्या भागात त्या वर्षांत एखाद्या खेड्याच्या रस्त्यावर डांबराची भट्टी पेटली की येणारी-जाणारी माणसं थांबत आणि एकच विचारत, "कोनाच्या घरी?" कंत्राटदार कोण, काम किती दिवस चालणार, हे कोणी विचारत नसे. कापसाची ती वर्षं वाईट होती. ज्या घरातला माणूस स्वतःहून गेला, त्या घरी सांत्वनाला मोठी मंडळी मोटारींच्या ताफ्यातून येत, आणि ताफ्याच्या आदल्या दिवशी तिथे रस्ता येई. बाहेरच्या माणसाला हा प्रश्न कळायला वेळ लागतो. आमच्याकडे तो शेंबड्या पोरालाही पाठ होता.

मी तेव्हा तालुक्याच्या बांधकाम उपविभागात लेखा शाखेत लिपिक होते. रस्ते करणाऱ्यांच्या मागे बसून त्यांच्या खर्चाचे आकडे जुळवायचे, हे माझं काम. त्याआधी वणीला होते. तिथे कोळशाचे ट्रक रस्त्याचा असा चुरा करत की खड्ड्यांबद्दल तक्रार करणं लोकांनी सोडूनच दिलं होतं. घरी आई एकटी पडली, म्हणून बदली मागून घेतली आणि गावी राहून रोज एसटीने तालुक्याला जाऊ लागले. स्वभाव तापट. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही अशी माझी ख्याती होती, आणि ती खोटी नव्हती. आई म्हणायची, "तुह्यासंगं बोलनं म्हंजे धावत्या गाडीत चढनं."

आमचं गाव आणि शेजारचा बंजाऱ्यांचा तांडा यांच्यामध्ये एक पांदण आणि थोडी शेतं, एवढंच अंतर. सकाळची बस आधी तांड्यात वळून मग आमच्या गावाशी थांबायची. तोवर तांड्यातल्या एका मुलीने खिडकीची जागा पकडून शेजारच्या जागेवर आपलं दप्तर ठेवलेलं असे, माझ्यासाठी. ती अकरावीला होती. तिच्या तांड्यातून दहावीच्या पुढे गेलेली पहिली मुलगी. बसमध्ये ती गणितं सोडवायची आणि मी उगाच डोकं घालून चुका काढायची. चुका बहुतेक वेळा माझ्याच निघत. तेव्हा ती हसायची नाही, नुसती वही माझ्याकडे सरकवायची. त्याचा जास्त राग यायचा.

त्या श्रावणात नाल्यावरची मोरी बसली. रस्त्याखालून पाणी जायला घातलेले जुने पाइप गाळाने भरून गेले होते. पाणी खालून जाईना, मग ते वरून गेलं आणि जाताना रस्त्याची एक कड घेऊन गेलं. उरलेल्या भागावरून बैलाची बंडी जाई, मोटारसायकल जाई, बस जात नसे. एसटीवाल्यांनी फाट्यापुढे गाडी आणणार नाही असं कळवून टाकलं. त्यांची तरी काय चूक! पण फाटा तासाभराच्या चालीवर, मध्ये नाला आणि दोन्ही बाजूंना माणूस दिसणार नाही एवढ्या कापसाच्या पऱ्हाट्या. मुलीची आई, तिला ती याडी म्हणायची, सरळ बोलून गेली, "एवढा पावसाळा राहू दे कालेज." पावसाळ्यापुरतं थांबलेलं शिक्षण पुढे लग्नाच्या मांडवातच निघतं हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि मुलीला तर होतंच. तिने दप्तर खुंटीला अडकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या बापाने बंडी जुंपली.

या माणसाबद्दल मला नीट सांगायचं आहे. उंच, काटक, डोक्याला कायम लाल फडकं, आणि तोंडात थट्टा. बैलांशी तो बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलायचा आणि आमच्याशी वऱ्हाडीत. बैल त्याचं जास्त ऐकत. बंडीत तो पोरीला बसवी, मग आमच्या गावातल्या दोघीतिघी शाळकरी पोरी, आणि शेवटी मला हात देऊन वर ओढी. "आमच्या आजानं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं, धान्य वाह्यलं," तो म्हणायचा, "म्या पोरी वाहून राह्यलो. अन् वरून ही एक सरकारी गोनी."

"भाऊ, गोनी कोणाला म्हणता?"

"सरकार मनलं, बाई. गोनीचं तुमीच घेतलं अंगावर."

मोरी आली की तो बैलांची शेपटी धरून ओरडे, "पाय वर!" बंडीच्या फळ्यांमधून चिखलाचं पाणी उसळायचं. पोरी खिदळत पाय पोटाशी घ्यायच्या. मी साडी सावरत घ्यायची. एकदा पाय घ्यायला उशीर केला आणि दिवसभर कार्यालयात चिखलाच्या काठाची साडी मिरवली. संध्याकाळी फाट्यावर उतरले तर हा बंडी घेऊन हजर. माझ्या साडीकडे बघून म्हणाला, "सरकारचे पाय जमिनीवर असले की असंच होते."

पण एक दिवस तो गंभीर होऊन बोलला. "बाई, कापूस फुटून येईल दिवाळीच्या तोंडावर. मंग म्या अन् बैल वावरात. बंडी कापसाले लागन. तवरोक मोरी झाली तं पोरगी शिकली. नाई तं याडी म्हनते तसं." मग लगेच नेहमीच्या सुरात, "तुमच्या हापिसात आमचा रस्ता कोन्त्या खनात ठेवला हाय, तेवढं पाहून ठेवा."

मी पाहिलं. आणि त्याच आठवड्यात माझ्या डोक्यात तिडीक गेली.

झालं असं की आमच्याकडे नवे उपअभियंता आले होते. पुण्याकडचे, तरुण, सरळ मनाचे. त्यांना संगणकाची आवड. ते म्हणाले, दरवर्षी देखभालीचे पैसे ज्याचा आवाज मोठा त्याच्या रस्त्याला जातात, हे बंद करू. गेल्या काही वर्षांची खड्डे भरण्याची सगळी देयकं काढा, कुठल्या रस्त्यावर किती खर्च झाला ते किलोमीटरनुसार मांडा. जिथे पुन्हा पुन्हा पैसे जातात तिथे मूळ दुखणं शोधू. मला हे फार पटलं. त्याआधी आमच्याकडे हिशेब म्हणजे मार्चअखेर बेरीज जुळली की सुटलो, एवढंच. त्या आकड्यांना कधी कोणी प्रश्न विचारला नव्हता. मी मान मोडून तो तक्ता केला.

तक्ता झाला, साहेबांनी त्यावर रंग चढवले. जिथे वर्दळ कमी आणि खर्च जास्त, तो रस्ता तांबडा. आणि सगळ्यांत तांबडा निघाला आमच्या तांड्याचा रस्ता.

साहेबांनी त्याच्यापुढे शेरा मारला की दर वर्षी पैसे घेऊनही हा रस्ता सुधारत नाही, तेव्हा चौकशी होईपर्यंत यावर नवा खर्च करू नये. मोरीचा प्रस्ताव त्या शेऱ्याखाली गेला.

मला आधी हसू आलं. मग कानशिलं तापली. मी उठून साहेबांच्या खोलीत गेले आणि दारातूनच म्हणाले, "साहेब, मी त्या रस्त्याने रोज येते. बंडीत बसून येते. तिथे इतक्या वर्षांत डांबराचा थेंब पडलेला नाही."

साहेब गोंधळले. "मग पैसे गेले कुठे?"

माझ्या मागे आमचे लेखापाल येऊन उभे राहिले होते. निवृत्तीला आलेले, शांत, पानाचा डबा जवळ बाळगणारे. सगळे त्यांना बडे बाबू म्हणत. ते खाकरले. मी थांबणार नव्हते, आणि सगळं सांगूनच थांबले.

चोरी नव्हती ती. चोरी असती तर बरं झालं असतं, चोर धरता येतो. काम खरोखर झालेलं असायचं, फक्त दुसरीकडे. ताफ्याचा निरोप संध्याकाळी फोनवर यायचा: उद्या अमुक गावी, अकराच्या आत रस्ता नीट हवा. त्या रस्त्याचं ना अंदाजपत्रक मंजूर, ना पैसा. पण नाही म्हणायची कोणाची छाती? रोलर जायचा, डांबर जायचं, रातोरात खड्डे बुजायचे. मग कंत्राटदाराचं देयक यायचं आणि ते कुठेतरी खर्ची टाकावं लागायचं. अशा वेळी बडे बाबू ज्या रस्त्याला मंजुरी आहे, शिल्लक आहे आणि जिथून कोणी भांडायला येत नाही असा रस्ता शोधत. तांड्याचा रस्ता सोयीचा होता. पहिल्या वर्षी सोयीचा होता म्हणून दुसऱ्या वर्षी सवयीचा झाला. सगळ्या कार्यालयाला हे माहीत होतं. लपवण्यासारखंही कोणाला काही वाटत नव्हतं. आपल्याकडे नाही का, लग्नात आलेलं लुगडं एकीच्या नावाचं आणि नेसते दुसरीच, तसं.

फरक एवढाच की आता साहेबांचा संगणक त्या नावावर विश्वास ठेवत होता.

"तुमचं म्हणणं मी मान्य करतो," साहेब म्हणाले, "पण माझ्यासमोर आकडे एक सांगतात आणि तुम्ही दुसरं. मला आकडेच द्या."

मी रागाने तडकून बाहेर आले. बडे बाबूंनी पान लावलं, मला देऊ केलं, मी घेतलं नाही. ते म्हणाले, "बाई, तुम्ही बरोबर बोलले. पन असं दारातून नाई बोलत." मग थोड्या वेळाने त्यांनीच वाट सुचवली. देयकावर रस्त्याचं नाव काहीही असलं तरी रोलरचा चालक आपल्या लॉगबुकात खरं गाव लिहितो, कारण डिझेल त्याला त्या अंतरावर मिळतं. आणि भांडारातून डांबराचे ड्रम निघतात तेव्हा ट्रक कुठे गेला हेही तिथे लिहिलेलं असतं. तिन्ही हिशेब आमच्याच कार्यालयात होते. एकमेकांशेजारी कोणी कधी ठेवले नव्हते, एवढंच.

भाद्रपदभर आम्ही दोघं ते जुळवत बसलो. बडे बाबू वाचायचे, मी लिहायची. सुरुवातीला मी जिंकण्याच्या उत्साहात होते. हळूहळू तो उतरला. कारण नवा तक्ता जसजसा भरत गेला तसतशी वेगळीच गोष्ट दिसू लागली. डांबर वर्दळीच्या मागे गेलं नव्हतं, पावसाच्या मागे गेलं नव्हतं, काळ्या मातीत खचणाऱ्या रस्त्यांच्या मागेही गेलं नव्हतं. झरी जामणीला माझा चुलतभाऊ असतो, तो सांगायचा की त्यांच्याकडे जंगलातल्या पोडांवर, कोलामांच्या वस्त्यांवर, रस्त्याला हात लागलेला कोणी पाहिलाच नाही. आमच्याकडे लागत होता, पण तो कशासाठी हे आता रांगेने लिहिलेलं समोर होतं. एका गावाचं नाव वाचून बडे बाबू थांबत आणि म्हणत, "हे... हो." पुढचं नाव वाचत. मी लिहून घेत असे. आमच्या देखभालीचं वेळापत्रक कोण ठरवत होतं ते आम्हा दोघांनाही कळून चुकलं होतं, आणि ते मोठ्याने म्हणायची माझ्यासारख्या तोंडाळ बाईचीही हिंमत झाली नाही.

साहेबांनी तो तक्ता पाहिला आणि बराच वेळ रंग चढवले नाहीत. शेवटी म्हणाले, "हे सगळं बैठकीत मांडता येणार नाही. पण तुमच्या रस्त्यावरचा शेरा मी काढतो. मोरीचं मी स्वतः मांडेन. चला यवतमाळला."

त्या दिवशी बंडीत मी भाऊला सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे आमचा रस्ता इतके वर्सं कागदावर नटूनथटून बसला व्हता? मले नाई दिसला कधी!" आणि एवढा हसला की बैल बुजले. मुलगी मात्र म्हणाली, "मावशी, मोरी कधी होईल?" मी म्हणाले, होईल. बाप म्हणाला, "हापिसवाल्या बाईचं 'होईल' म्हंजे लिहूनच घे." त्याच्या वावरात बोंडं फुटायला लागली होती. हे त्याने सांगितलं नाही, मी जाता-येता बघत होते.

यवतमाळची बैठक म्हणजे मोठी खोली, लांब टेबल, थंड झालेला चहा. आमच्या साहेबांनी छान मांडलं. देयकं, लॉगबुक आणि भांडार एकत्र पाहिलं तर देखभालीचा पैसा कुठे मुरतो ते कळतं. दर वर्षी ठिगळं लावण्यापेक्षा मोऱ्या आधी साफ केल्या तर रस्ता टिकतो. आणि म्हणून पहिली मोरी ही. वरिष्ठांनी तक्ता हातात घेतला, लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "छान केलंय. रंगही छान दिलेत. पुढचा विषय घ्या."

एवढंच झालं. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. मला बोलायचा अधिकार नव्हता आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी ती मर्यादा पाळली. बाहेर येऊन मात्र जिन्यात रडले. आमचे साहेब म्हणाले, होईल, वेळ लागतो. मला त्यांचाच राग आला. वेळ त्यांच्याकडे होता. तांड्यात कापूस फुटला होता.

साहेब परतले. मला हिशेबाच्या ताळमेळासाठी आणखी थांबायला सांगितलं होतं, म्हणून मावसबहिणीकडे राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी विभागाच्या कार्यालयात माझ्यासाठी फोन आला. बडे बाबू होते. आवाज खरखरत होता.

"बाई, तुमच्या रस्त्यावर काम लागलं. मशीन गेली. मोरीत नवे पाइपही टाकून राह्यले—"

"खरंच?" मी एवढ्या जोरात ओरडले की सगळा हॉल वळला.

"बाई, ऐका तं—"

"बाबूजी, मी आज निघते! साहेबांना सांगा, तक्ता कामी आला म्हणून सांगा!" आणि मी फोन ठेवला.

मला वाटलं, आकडे बोलले. शेवटी कोणीतरी ते वाचले. जो प्रश्न आमच्याकडे शेंबडं पोरही विचारतं, तो मला सुचला नाही. बसस्थानकाजवळच्या दुकानातून मी पेढे घेतले. एरवी हात आखडता घेणारी मी, मोठा खोका घेतला. अर्धे आईला, अर्धे तांड्यात. वाटेत मी बंडीवाल्याशी बोलायची वाक्यं जुळवत होते. सरकारी गोणीने रस्ता आणला की नाही, भाऊ?

फाट्यावर उतरले तोच वास आला. डांबराची भट्टी पेटली होती, धूर पऱ्हाट्यांवरून सरकत होता. बायका घमेल्यांतून बारीक खडी आणून टाकत होत्या. मी त्यांच्यातल्या एकीला थांबवलं, खोका उघडला आणि पेढा तिच्या हातावर ठेवला. तिने घमेलं खाली ठेवून तो घेतला.

"कायचे वं बाई पेढे?"

"रस्त्याचे. माझ्या गावचा रस्ता आहे हा."

तिने माझ्याकडे पाहिलं. पेढा तोंडात घातला नाही. "बाई, उद्या ताफा येऊन राह्यला."

आणि माझ्या तोंडून, वर्षानुवर्षांच्या सवयीने, आपोआप निघालं, "कोनाच्या घरी?"

"तांड्यात," ती म्हणाली. "बंडी चालवे म्हनते तो. पोरीयले नेत जाये."

पुढचा रस्ता मी कसा चालले ते आठवत नाही. मोरी आठवते. नवे पाइप बसले होते, वर मुरूम पसरून धुम्मसाने चोपला होता, पाणी खालून गुपचूप चाललं होतं. एवढंच काम होतं ते. भाद्रपदभर आम्ही ज्यासाठी तीन-तीन हिशेब जुळवत बसलो, ते एका दिवसात उरकलं होतं, आणि त्याला माझा तक्ता लागला नव्हता. माझ्या त्या वेळच्या आनंदाची मला आजही किळस येते. पेढ्यांचा खोका मी पिशवीच्या तळाशी घातला. पुढे मुंग्या लागल्यावर आईने तो काढला आणि काही न विचारता बाहेर नेला.

त्याने असं का केलं हे मला माहीत नाही. कारणं विचारणारे पुष्कळ आले, प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहून नेलं. आमच्याशी तो शेवटपर्यंत थट्टाच करत होता. त्या थट्टेच्या आत काय होतं ते मी कधी विचारलं नाही. मी तर कोणाचं वाक्यही पुरं ऐकत नव्हते.

ताफा आला. मी तांड्यातल्या बायकांत बसले होते. याडी भिंतीला टेकून, मुलगी तिच्याजवळ, दोघींच्याही डोळ्यांत पाणी नाही. गाड्यांच्या चाकांना ओलं डांबर चिकटून आलं होतं. मंडळी बसली, हात जोडले, काही बोलली, फोटो निघाले, मंडळी उठली. जाताना त्यांच्यातला एक जण दुसऱ्याला म्हणाला, "इकडचे रस्ते बरे आहेत." मी उठून काही बोलणार तेवढ्यात याडीने माझा हात धरला. तिने तो गाड्या जाईपर्यंत सोडला नाही.

दिवाळीच्या आधी देयक आलं. बडे बाबूंनी ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि उभेच राहिले. "त्या दिवशी सांगाले गेलतो फोनवर," ते म्हणाले, "मंग वाटलं, येवढ्या खुशीत हाय बाई, आता पुन्हा फोन करून कसं सांगू." मी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "हे कुठं टाकू? एका रस्त्यावर शिल्लक हाय."

"जिथे झालं तिथेच."

"मंजुरी नाई बाई."

"मग मागा. कार्योत्तर मंजुरी मागा. किलोमीटर लिहा, मोरी लिहा, तारीख लिहा. हा खर्च मी दुसऱ्या गावाच्या नावावर जाऊ देणार नाही."

बडे बाबूंनी वाद घातला नाही. साहेबांनीही सही केली, वर स्वतःच्या हाताने स्पष्टीकरण लिहिलं, आणि त्यापायी त्यांना बोलणी खावी लागली. पुढे त्यांनी नियमच केला की रोलरच्या लॉगबुकाची आणि भांडाराची नक्कल जोडल्याशिवाय खड्ड्यांचं देयक पास करायचं नाही. खोटं कशाला बोलू, सुधारणा झाली. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही त्या तक्त्यावरून पावसाआधी काही मोऱ्या साफ करून घेतल्या आणि त्या रस्त्यांवरचा ठिगळांचा खर्च खरंच उतरला. बोरी अरबच्या बाजारात एक ओळखीचे मास्तर भेटले, म्हणाले, यंदा तुमच्या भागातल्या बसा बंद पडल्या नाहीत. मी हो म्हणाले. तांड्याच्या रस्त्यापुढे हिशेबात तो एकच खरा खर्च लागला होता. तक्ता उघडला की माझी नजर आधी तिथे जायची.

दिवाळीनंतर कॉलेज उघडलं आणि सकाळची बस पुन्हा तांड्यापर्यंत येऊ लागली. पहिल्या दिवशी मी चढले तर खिडकीची जागा रिकामी. दुसऱ्या दिवशीही रिकामी. याडी म्हणत होती, कापूस कोण वेचणार, आणि आता शिकून करायचं काय. तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. तिसऱ्या दिवशी मी पहाटेच उठून पांदणीने तांड्यात गेले. रात्रभर बोलायचं ठरवून ठेवलं होतं, शिक्षणाचं महत्त्व वगैरे. दारात बंडी उभी होती, दांड्या जमिनीला टेकलेल्या. ते पाहून सगळं विसरले.

एवढंच म्हणाले, "याडी, ही बस कोणत्या साहेबाने नाही आणली. हिच्या बापाने आणली. गावातलं दुसरं कोणी बसो, न बसो, ही बसलीच पाहिजे."

मग मी गप्प राहिले. बराच वेळ. आयुष्यात इतका वेळ मी दुसऱ्याच्या बोलण्याची वाट पाहिली नव्हती. याडी आत गेली. खुंटीवरचं दप्तर घेऊन बाहेर आली, पदराने त्यावरची धूळ पुसली आणि पोरीच्या हातात दिलं.

बस आली. आम्ही दोघी आमच्या नेहमीच्या जागेवर बसलो. गणिताची वही तिने काढली नाही. आमचं गाव गेलं, पऱ्हाट्या सुरू झाल्या, रस्ता नवा असल्यामुळे गाडीला अजिबात हादरे बसत नव्हते. नाल्याचा उतार लागला तशी ती सावरून बसली आणि मोरी आल्यावर तिने दोन्ही पाय उचलून सीटवर पोटाशी घेतले. खाली ना पाणी होतं, ना चिखल. मोरी मागे गेल्यावर तिने पाय खाली ठेवले. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

बारावी होईपर्यंत ती रोज तशीच बसायची. मीही पाय वर घ्यायची.